औषधनिर्माणशास्त्र पदवी अभ्यासक्रम आणि दूरशिक्षणातील नोंदणी : भारत व अमेरिका यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठीत ‘नोंदणी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो. विद्यार्थी एखाद्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठात आपले नाव दाखल करतो ती पहिली नोंदणी होय. व्यवसाय करण्याचा अधिकार मिळावा म्हणून वैधानिक परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल केले जाते ती दुसरी नोंदणी होय. इतिहास, मराठी किंवा वाणिज्य या विषयांत पहिली नोंदणी पुरेशी असते; पदवी हाती आली की विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी असलेला व्यवहार पूर्ण होतो. औषधनिर्माणशास्त्राचे तसे नाही. या शाखेतील पदवी किंवा पदविका राज्य फार्मसी परिषदेच्या नोंदवहीत मान्य झाली नाही, तर ती धारण करणाऱ्यास औषधाच्या दुकानात अधिकृतपणे एक गोळीही देता येत नाही.

दूरशिक्षणाचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने झाला. कला, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन अशा अनेक शाखांनी त्याचा स्वीकार केला. भारतातील औषधनिर्माणशास्त्राची पदवी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली. अमेरिकेत त्याच काळात सेवेतील हजारो फार्मासिस्टांसमोर दूरशिक्षणाने उच्च पदवी मिळविण्याचा मार्ग खुला झाला. एकाच व्यवसायात दोन देशांत ही भिन्न वाटचाल का झाली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भारतातील औषधनिर्माणशास्त्र शिक्षण व व्यावसायिक नोंदणी यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) अमेरिकेतील फार्म.डी. पदवीच्या दूरशिक्षण मार्गाची पार्श्वभूमी व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
३) भारतात हा मार्ग बंद राहण्याची कारणे तपासणे व त्याचे सेवेतील पदविकाधारकांवर झालेले परिणाम मांडणे.

कम्पाउंडर ते नोंदणीकृत फार्मासिस्ट

भारतात पाश्चात्त्य पद्धतीच्या औषधशिक्षणाचा आरंभ गोव्याशी निगडित आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ मध्ये पणजी येथे स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात वैद्यकाबरोबर औषधनिर्मितीचेही शिक्षण दिले जात असे. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र दीर्घकाळ ‘कम्पाउंडर’ हाच औषधव्यवस्थेचा कणा होता. डॉक्टरांच्या हाताखाली राहून, काढे व मिश्रणे तयार करीत, पाहून पाहून शिकलेला हा वर्ग होता. त्याच्या ज्ञानाला कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का नव्हता.

कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये औषध चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने १९३१ मध्ये आपला अहवाल सादर केला आणि औषधांची गुणवत्ता व फार्मसीचा व्यवसाय या दोहोंवर कायदेशीर नियंत्रणाची गरज प्रतिपादन केली. पुढे १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू झाले आणि १९३७ मध्ये तेथे बी.फार्म. हा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आकारास आला. औषध कायदा १९४० मध्ये, तर फार्मसी कायदा १९४८ मध्ये संमत झाला. त्यानुसार १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद अस्तित्वात आली.

या कायद्यातील कलम ३१ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पहिली नोंदवही तयार करताना केवळ पदवी वा पदविकाधारकांनाच प्रवेश दिला गेला नाही. अन्य विषयातील पदवीसह रुग्णालयात वा दवाखान्यात किमान ३ वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेली व्यक्ती, कम्पाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती आणि कोणतीही परीक्षा न देता किमान ५ वर्षे हे काम केलेली व्यक्ती यांनाही नोंदणीस पात्र मानले गेले. याचा अर्थ असा की, कायदा करणाऱ्यांनी त्या क्षणी अनुभवाला शिक्षणाच्या बरोबरीचे स्थान दिले. जो वर्ग आधीच काम करीत होता, त्याला नव्या व्यवस्थेने बाहेर ढकलले नाही.

तथापि, हे दार एकदाच उघडले. त्यानंतरच्या नोंदणीसाठी परिषदेने कलम १० अन्वये केलेले शिक्षणनियम आणि कलम १२ अन्वये मान्य केलेला अभ्यासक्रम हाच निकष ठरला. परिषदेचे १९९१ चे शिक्षणनियम पाहिले असता त्यांचे स्वरूप लक्षात येते. डी.फार्म.साठी दोन शैक्षणिक वर्षे, प्रत्येक वर्षी किमान १८० कामाचे दिवस, तात्त्विक व प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे ७५ टक्के उपस्थिती, त्यानंतर किमान ३ महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्यांपैकी किमान २५० तास प्रत्यक्ष औषधवितरण अशी ही रचना होती. थोडक्यात, ज्ञानाचे मोजमाप तास, दिवस व हजेरी यांत केले गेले. नियमांच्या या भाषेत दूरशिक्षणाला मुळातच जागा नव्हती.

भारतातील दूरशिक्षणाचा विस्तार आणि फार्मसीची अनुपस्थिती

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षणाचा प्रारंभ केला. हैदराबाद येथे १९८२ मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये व नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये अस्तित्वात आले. शेतकरी, गृहिणी, कामगार, शिपाई, शिक्षक अशा ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही किंवा ती मध्येच सोडावी लागली, त्यांच्यापर्यंत उच्च शिक्षण नेणे हा या संस्थांचा हेतू होता. स्वयंअध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रे या तीन गोष्टींवर ही पद्धत उभी राहिली.

आरोग्यक्षेत्रात या पद्धतीचा उपयोग झालाच नाही, असे म्हणता येत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९० च्या दशकात सेवेतील परिचारिकांसाठी बी.एस्सी. नर्सिंग (पोस्ट बेसिक) हा अभ्यासक्रम सुरू केला. पदविका पूर्ण करून नोंदणीकृत झालेली आणि रुग्णालयात काम करीत असलेली परिचारिका हीच त्याची विद्यार्थिनी होती. तिचा तात्त्विक अभ्यास घरी होई व प्रात्यक्षिके नेमून दिलेल्या केंद्रांवर होत. येथे अभ्यासक्रमातील नोंदणी ही व्यावसायिक नोंदणीच्या नंतर येत होती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. हा अभ्यासक्रम नवखी परिचारिका घडवीत नव्हता. असलेल्या परिचारिकेस पुढील टप्प्यावर नेत होता.

फार्मसीत अशी रचना त्या काळात उभी राहिली नाही. डी.फार्म. झालेल्या व्यक्तीस बी.फार्म.च्या द्वितीय वर्षात थेट प्रवेश मिळण्याची सोय होती; परंतु ती पूर्णवेळ महाविद्यालयात बसणाऱ्यासाठी होती. ज्याने पदविका घेऊन गावात दुकान थाटले किंवा ग्रामीण रुग्णालयात नोकरी धरली, त्याच्यासाठी ती असून नसल्यासारखी होती.

अमेरिकेतील फार्म.डी. : पदवी बदलली, माणसे तीच राहिली

अमेरिकेत फार्मसीच्या व्यावसायिक पदवीचा कालावधी टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९३२ पासून चार वर्षांचा व १९६० पासून पाच वर्षांचा अभ्यासक्रम आवश्यक झाला. दरम्यान सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० मध्ये फार्म.डी. ही पदवी सुरू केली. पुढील चार दशके बी.एस. फार्मसी आणि फार्म.डी. अशा दोन पदव्या एकाच वेळी प्रचलित होत्या व कोणत्याही एका पदवीने परवाना मिळत असे.

या द्विविध व्यवस्थेचा शेवट होण्यामागे फार्मासिस्टच्या कामात झालेला बदल कारणीभूत होता. औषधे तयार करण्याचे काम कारखान्यांकडे गेले आणि रुग्णाला औषधांविषयी मार्गदर्शन करणे हे फार्मासिस्टचे मुख्य काम ठरू लागले. १९९० च्या एका संघीय कायद्याने मेडिकेड या शासकीय योजनेतील रुग्णांच्या औषधांची पूर्वतपासणी करणे व त्यांना सल्ला देऊ करणे बंधनकारक केले. त्याची अंमलबजावणी १९९३ पासून झाली. फार्मसी महाविद्यालयांच्या संघटनेने १९९२ मध्ये फार्म.डी. हीच एकमेव प्रवेशपदवी असावी, असा कौल दिला. मूल्यांकन परिषदेने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या मानकांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. २००० नंतरच्या काही वर्षांत बी.एस. फार्मसीचे वर्ग बंद झाले.

आता प्रश्न उभा राहिला तो आधीच्या पदवीधारकांचा. त्यांचा परवाना कायम राहिला. कोणालाही व्यवसायातून काढले गेले नाही. तरीही रुग्णालयातील चिकित्सालयीन पदे, पदोन्नती आणि सहकाऱ्यांमधील प्रतिष्ठा यांचा प्रश्न होताच. वीस वर्षे काउंटरवर उभा असलेला फार्मासिस्ट आणि नुकताच फार्म.डी. होऊन आलेला तरुण यांच्या नावापुढील अक्षरे वेगळी दिसू लागली. घर, मुले आणि नोकरी सोडून पहिल्या गटाने पुन्हा महाविद्यालयात जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती.

या पेचातून ‘अपारंपरिक फार्म.डी.’ हा मार्ग विस्तारला. अनेक विद्यापीठांनी असे कार्यक्रम चालविले. त्यांत नाव नोंदविण्याच्या बहुतांश ठिकाणच्या अटी पाहता दोन बाबी समान दिसतात : मान्यताप्राप्त संस्थेची फार्मसी पदवी आणि चालू स्थितीतील व्यावसायिक परवाना. म्हणजेच राज्याच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे, त्यालाच विद्यापीठाच्या नोंदवहीत प्रवेश होता. विद्यार्थी प्रत्येक सत्रात आपल्या नोकरीच्या सोयीने एक किंवा दोन विषय निवडून त्यांचीच नोंदणी करीत असे. व्याख्याने सुरुवातीस ध्वनिचित्रफितींवरून टपालाने येत; पुढे संगणकीय तबकड्या आणि त्यानंतर इंटरनेट हे माध्यम आले. दूरध्वनीवरून गटचर्चा होत आणि काही आठवडाअखेरी प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवल्या जात.

तथापि, एक गोष्ट टपालाने पाठविता येत नव्हती. ती म्हणजे रुग्णाशेजारी उभे राहून मिळणारा अनुभव. त्यासाठी विद्यार्थ्यास आपल्या परिसरातील रुग्णालयात मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ठरावीक काळ काम करावे लागे. काही कार्यक्रमांत पूर्वानुभवाचे मूल्यमापन करून त्याचे श्रेयांक देण्याचीही तरतूद होती. अभ्यासक्रम दूरचा असला तरी प्रशिक्षण जवळचे होते, असे याचे वर्णन करता येईल.

यापुढचे पाऊल नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील क्राइटन विद्यापीठाने २००१ मध्ये उचलले. तेथे नवीन विद्यार्थ्यांसाठीही फार्म.डी.चा इंटरनेटवर आधारित मार्ग सुरू झाला. परंतु प्रयोगशाळेतील कामासाठी या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात ओमाहा येथे यावेच लागे. फ्लोरिडा विद्यापीठाने २००२ मध्ये राज्यातील अन्य शहरांत केंद्रे उघडून व्याख्याने तेथे पोहोचविली. पण त्या केंद्रांवर प्रत्यक्ष अध्यापकवर्ग होता. म्हणजेच नवख्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अमेरिकेनेही संपूर्ण दूरशिक्षण मान्य केले नाही. जे पूर्वपदवीधारक होते ते हळूहळू पदवी मिळवून बाहेर पडले किंवा निवृत्त झाले, मागणी घटली आणि अनेक अपारंपरिक कार्यक्रम पुढे बंद झाले. त्यांचे काम संक्रमणाचे होते व ते बऱ्याच अंशी पूर्ण झाले.

अमेरिकेतील बदलाचा भारतावरील परिणाम

अमेरिकेतील हा बदल तेथेच थांबला नाही. परदेशी पदवीधारकांना तेथील परवान्यासाठी प्रथम समकक्षता परीक्षा द्यावी लागते. १ जानेवारी २००३ रोजी वा त्यानंतर पदवी घेणाऱ्यांसाठी किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट लागू झाली. भारतातील बी.फार्म. चार वर्षांची असल्याने त्या तारखेनंतर उत्तीर्ण झालेले पदवीधर या परीक्षेस अपात्र ठरले. मुंबई, पुणे, नागपूर येथील महाविद्यालयांतून अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ही अट लागू होती. एकाच महाविद्यालयातून एका वर्षाच्या अंतराने बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकास दार उघडे व दुसऱ्यास बंद, अशी स्थिती निर्माण झाली.

भारतात २००८ मध्ये फार्म.डी.चे नियम अधिसूचित झाले. बारावीनंतर सहा वर्षांचा व बी.फार्म.नंतर तीन वर्षांचा असे त्याचे दोन मार्ग आहेत. दोन्ही पूर्णवेळ आहेत. अमेरिकेने आपल्या पदवीधारकांना नोकरी सांभाळून फार्म.डी. होण्याची संधी दिली. भारताने पदवीचे नाव व रचना स्वीकारली, पण ती संधी स्वीकारली नाही.

निर्बंधाची कारणे

भारतीय नियामकांची भूमिका अनाकलनीय नव्हती. दूरशिक्षणाच्या नावाखाली विद्यापीठांनी आपल्या कार्यक्षेत्राबाहेर केंद्रे उघडणे, पुरेशा प्रयोगशाळांशिवाय तांत्रिक पदव्या देणे असे प्रकार घडत होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशन प्रकरणात दिलेल्या निर्णयाने याचे गांभीर्य पुढे आले. काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा तो वाद होता. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुनर्परीक्षेची संधी देण्यात आली, तर त्यानंतरच्या सत्रांतील पदव्या रद्द ठरविण्यात आल्या. ज्यांनी या पदव्यांवर पदोन्नती घेतली होती त्यांचे लाभही त्यामुळे अडचणीत आले. शुल्क भरून, परीक्षा देऊन, पदवी मिळवून इतक्या वर्षांनी तिचे मूल्य शून्य व्हावे, ही घटना पहिल्या व दुसऱ्या नोंदणीतील अंतर किती घातक ठरू शकते हे दाखविते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मुक्त व दूरशिक्षणविषयक २०१७ च्या व पुढे २०२० च्या नियमावलीने अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, वास्तुशास्त्र यांसारख्या व्यावसायिक शाखा या पद्धतीतून वगळल्या. फार्मसीचाही त्यांत समावेश झाला. करोना साथीच्या काळात २०२० मध्ये फार्मसीचे तात्त्विक वर्गही इंटरनेटवर भरले, परंतु ती आपत्कालीन व्यवस्था होती; तिच्यातून नियमात बदल झाला नाही. औषधाच्या मात्रेतील चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते आणि प्रयोगशाळेतील कौशल्य पुस्तक वाचून येत नाही, हा निर्बंधामागील युक्तिवाद रास्त आहे.

दोन उपस्थितींचा पेच

असे असले तरी निर्बंधाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न शिल्लक राहतो. औषध नियमावलीतील नियम ६५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावयाचे असते. फार्मसी कायद्याचे कलम ४२ नोंदणी नसलेल्या व्यक्तीस हे काम करण्यास मनाई करते. म्हणजे कायद्याला फार्मासिस्ट दुकानात उपस्थित हवा आहे. दुसरीकडे परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार चालणाऱ्या बी.फार्म. अभ्यासक्रमात प्रत्येक विषयात ८० टक्के उपस्थितीची अपेक्षा आहे. म्हणजे अभ्यासक्रमाला तोच माणूस वर्गात उपस्थित हवा आहे.

तालुक्याच्या गावी एकट्याने दुकान चालविणाऱ्या पदविकाधारकाच्या दृष्टीने या दोन उपस्थिती एकमेकींना छेदतात. त्याच्यापुढे तीनच पर्याय उरतात : दुकान बंद करणे, शिक्षणाचा विचार सोडून देणे किंवा दुकानात प्रमाणपत्र टांगून स्वतः अन्यत्र असणे. तिसरा पर्याय बेकायदेशीर आहे. आणि परवान्यासाठी प्रमाणपत्र वापरू देण्याची जी प्रथा या व्यवसायाला बदनाम करते, तिचेच ते एक रूप आहे. दूरशिक्षण नसल्यामुळे ही प्रथा निर्माण झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रामाणिक माणसास शिकण्याचा कायदेशीर मार्ग अरुंद ठेवल्याने तिला आळा बसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

परिषदेस या पेचाची जाणीव नव्हती असे नाही. २०१४ मध्येच बी.फार्म. (प्रॅक्टिस) या अभ्यासक्रमाचे स्वतंत्र नियम करण्यात आले. नोंदणीकृत व किमान चार वर्षांचा व्यवसायानुभव असलेल्या पदविकाधारकांसाठी हा दोन वर्षांचा सेतू आखण्यात आला. १९४८ च्या कलम ३१ नंतर अनुभवाला प्रवेशाचा निकष मानणारी ही महत्त्वाची तरतूद होय. मात्र हा सेतूही मान्यताप्राप्त महाविद्यालयापर्यंत जाणाराच आहे. फार्मसी प्रॅक्टिस नियम २०१५ मध्ये आले आणि रुग्णास सल्ला देणे हे भारतातही फार्मासिस्टचे कर्तव्य ठरले. कर्तव्य सर्व नोंदणीकृत फार्मासिस्टांवर आले; त्यासाठी लागणारे उच्च शिक्षण मात्र ज्यांना दुकान सोडता येते त्यांच्याच आवाक्यात राहिले.

निष्कर्ष

१) फार्मसीत अभ्यासक्रमातील नोंदणीचे मूल्य व्यावसायिक नोंदवहीवर अवलंबून असते. ज्या दूरशिक्षणास नियामक परिषदेची मान्यता नाही, ते विद्यार्थ्याचे नुकसानच करते.

२) अमेरिकेतील अपारंपरिक फार्म.डी. यशस्वी होण्याचे प्रमुख कारण तंत्रज्ञान नसून प्रवेशाची अट होय. आधीच परवानाधारक असलेल्यांनाच तेथे नोंदणी दिली गेली. नवख्यांसाठी प्रयोगशाळा व प्रत्यक्ष प्रशिक्षण कायम ठेवले गेले.

३) भारतातील निर्बंधाने नवखा विद्यार्थी आणि सेवेतील पदविकाधारक यांत भेद केला नाही. नवख्याच्या बाबतीत रास्त असलेला नियम अनुभवी माणसालाही जसाच्या तसा लावला गेला. परिचर्या क्षेत्राने १९९० च्या दशकात हा भेद ओळखला होता.

४) बी.फार्म. (प्रॅक्टिस) अभ्यासक्रमाचा तात्त्विक भाग दूरशिक्षणाने व प्रात्यक्षिक भाग जिल्हा रुग्णालये आणि मान्यताप्राप्त महाविद्यालयांतून देणे हा विचारार्ह पर्याय ठरतो. त्यासाठी परिषद व विद्यापीठ अनुदान आयोग या दोहोंची पूर्वसंमती असणे अनिवार्य आहे. अन्यथा अभियांत्रिकी पदव्यांच्या प्रकरणाची पुनरावृत्ती होईल.

१९४८ मध्ये कायद्याने कम्पाउंडरच्या पाच वर्षांच्या कामाची दखल घेतली व त्यास नोंदवहीत स्थान दिले. व्यवसायाचा दर्जा उंचावताना जुन्या माणसांना सोबत घेण्याची ती दृष्टी होती. पदवी बदलते तेव्हा ती आधीपासून काम करणाऱ्यांपर्यंत कशी पोहोचवावी, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने येतो. भारतीय फार्मसी शिक्षणाने त्याचे उत्तर एकदा दिले होते. ते पुन्हा देण्याची आवश्यकता आहे.